उतारशाळेच्या रखवालदारास काय मिळाले?

शास्त्रपाठ : लूक 10:30-35

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत. याजक व लेवी यांचा दोष आपणांस पाठ आहे. तेल व द्राक्षारस यांची गोष्ट तर रविवारच्या शाळेतील मुलेही सांगतात. परंतु त्या जखमी मनुष्याची शुश्रूषा पुढे कोणी केली, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शोमरोनी एक रात्र राहिला व दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. त्यानंतर पट्ट्या बदलणे, पाणी पाजणे, तळमळणाऱ्याच्या उशाशी बसणे, हे सर्व उतारशाळेच्या रखवालदाराकडे आले. परिचारिकेचे काम ते हेच. शोमरोन्याचे नाव पुष्कळ इस्पितळांस दिलेले आहे. रखवालदाराचे दिलेले मी तरी पाहिले नाही.

आता शोमरोन्याने त्यास काय दिले ते पाहा. नुसते ‘ह्याला सांभाळ’ एवढे सांगून तो चालता झाला नाही. त्याने दोन दीनार त्याच्या हाती ठेविले. मत्तय 20 ह्या अध्यायावरून कळते की, दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी होय. अधिक लागेल ते खर्च करण्याची त्याने मोकळीक दिली, आणि परत येईन तेव्हा ते भरून देईन असे वचन दिले. काम सोपविले तसे साधनही दिले, विश्वास टाकिला, व पाठीशी उभा राहिला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई 1854 सालच्या नोव्हेंबरात अडतीस परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुतारी येथील इंग्रजी लष्करी इस्पितळात पोहोचल्या. हाती दिवा घेतलेली कोमल स्त्री अशीच आपण त्यांची आठवण करितो. पण त्यांस तेथे काय आढळले? प्रारंभी डॉक्टर त्यांचे साह्य घेण्यास नाखूष होते. सदरे, चादरी, भांडी यांचा तोटा होता, आणि कोठारातून वस्तू काढावयास नियमांचे डोंगर आडवे येत. शेवटी टाइम्स पत्राने जमविलेल्या फंडातून व स्वतःच्या पैशांतून त्यांनी वस्तू आणविल्या. तरीही हिवाळाभर शिपाई मरतच होते. 1855 च्या मार्चात सरकारने पाठविलेल्या स्वच्छता मंडळाने गटारे साफ करविली, त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. तोवर त्या बाईंची करुणा काही उणी नव्हती.

हीच गोष्ट आपल्या काळात कॅनडा देशातील हेदर लाशिंगर ह्या परिचर्येच्या अध्यापिकेने (त्या 2016 साली निवर्तल्या) अनेक वर्षे इस्पितळांत शोधून पाहिली. रोझाबेथ मॉस कँटर नामक अमेरिकन विदुषीने 1977 साली आपल्या ग्रंथात असा विचार मांडिला होता की, मनुष्याचे कामातील बळ त्याच्या स्वभावापेक्षा त्यास दिलेल्या जागेवर अधिक अवलंबून असते. लाशिंगरबाईंना आढळले की, ज्या परिचारिकांस कामाची माहिती, वरिष्ठांचा आधार, पुरेशी साधने व पुढे शिकण्याची संधी मिळते, त्यांस आपल्या कामात अधिक समाधान वाटते, आणि त्या थकून कोमेजून जाण्याचा संभव कमी असतो. आपण म्हणतो, पोरीचा स्वभावच कुरकुऱ्या. त्या म्हणतात, आधी तिच्या कामाची जागा पाहा.

डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली मिरजेस इस्पितळ उघडिले, व पुढे तेथे परिचारिकांची शाळाही चालली. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतून कितीतरी कन्या ह्या कामास गेल्या आहेत. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे, आणि येथे मी माझा एक दोष कबूल करितो.

आमच्या मंडळीतील एक तरुण परिचारिका सुटीत घरी आली असता मजकडे आली. ती म्हणाली, “पाळकसाहेब, रात्रपाळीस सगळा वॉर्ड माझ्या अंगावर असतो, पण औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर. रोगी कण्हत असतो नि मी जिने चढत असते. सकाळी उशिराचा जाब मात्र मलाच विचारतात.” मी म्हणालो, “मुली, धीर धर. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते आठव.” “बरे, पाळकसाहेब,” असे म्हणून ती उठली व गेली.

त्या रात्री मला निर्गम 5 हा अध्याय आठवला. पेंढा न देता विटा मात्र पूर्वीइतक्याच मागावयाच्या, आणि लोकांनी गाऱ्हाणे केले म्हणजे त्यांस आळशी म्हणावयाचे, ही फारोची रीत. माझे बोलणे त्याहून फार निराळे नव्हते. ज्या पाय धुण्याचा मी तिला दाखला दिला, तेथेही योहान 13:3 मी वगळिले होते. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून येशू उठला, आणि मग त्याने कमरेस रुमाल बांधिला. रिकाम्या हातांनी त्याने ती सेवा केली नाही.

उपदेशक बंधूंनो, तुमच्यापैकी कित्येक जण मिशन दवाखान्यांच्या कमिट्यांवर बसतात. हिशेब व इमारती यांविषयी तेथे तासन्‌तास बोलणे होते. रात्री कामावर असणाऱ्या बाईच्या हाती काय असते, हे एकदा तिलाच बोलावून विचारा. आणि तिने सांगितल्यावर, ही उद्धट आहे असे टिपून ठेवू नका.

पुढच्या नाताळास ती मुलगी पुन्हा गावी आली, तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती जुनी नोकरी सोडून एका लहान दवाखान्यात लागली होती. ती हसली व म्हणाली, “पाळकसाहेब, तिथे पगार थोडा कमीच आहे, पण किल्ली माझ्याजवळ असते.”