धाडसाचा खर्च कोण उचलतं?

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागलं की भूगाव आणि पिरंगुट यांच्या मध्ये भुकूम येतं. इथे रस्त्यालगत भाताची खाचरं होती. आता गृहसंकुलांचे आणि फार्महाऊस प्लॉटचे फलक आहेत. शनिवार-रविवारी या रस्त्याला चाळिशीच्या आसपासची, बऱ्या पगाराची पुष्कळ माणसं असतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या मनात एकच विचार घोळत असतो: हे सगळं सोडावं, इथेच राहावं, मनाला पटेल असं काहीतरी करावं. सोमवारी ती पुन्हा हिंजवडीतल्या नोकरीवर जातात. अशांना भित्रं म्हणायची पद्धत पडली आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते.

दोष आपल्या गोष्टी सांगण्याच्या रीतीत आहे. कुणी नोकरी सोडली की आपण राजीनाम्याच्या दिवसाची गोष्ट सांगतो. आधीची वर्षं गाळतो आणि घरातली माणसंही गाळतो. डॉ. श्रीराम लागूंचंच बघा. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक असलेल्या लागूंनी १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पूर्णवेळ रंगभूमी पत्करली. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं आणि त्या निर्णयावर लोकमान्यतेची मोहोर उठली. पण त्याआधी सुमारे दोन दशकं ते पुण्यात भालबा केळकर आणि मंडळींबरोबर हौशी नाटकं करत होते. पुण्यात दवाखाना, मग टांझानियात नोकरी, असं सगळं झाल्यावरचा तो निर्णय होता. रंगमंचावर आपण टिकतो की नाही, हे त्यांना राजीनाम्याच्या आधीच कळलेलं होतं.

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून १९७५ साली इंजिनिअर होऊन पुण्यात टेल्कोच्या ट्रक कारखान्यात आले. १९७८ साली ते वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. तिचे बारीक तुकडे कापले, त्यांत काड्यापेटीच्या काड्या खोचल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तर जागचा हलत नाही; चार काड्यांचा चौकोन बोट लावताच तिरका होतो. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांनी का भरलेल्या असतात, हे शाळेतल्या पोराला असं काही पैशांत कळलं. ट्रकच्या कारखान्यातलं इंजिनिअरिंग वाया गेलं नाही, ते काड्यांपर्यंत उतरलं. मला इथे महत्त्वाची वाटते ती रजा. जाऊन बघायची आणि नाही जमलं तर परत यायची मुभा असली, तर कितीतरी साधी माणसं असं पाऊल उचलतील.

घरातल्या माणसांचा मुद्दा याहून मोठा आहे. अनिल अवचट बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले, पण दवाखान्याऐवजी त्यांनी लेखन आणि सामाजिक काम निवडलं. मराठी वाचकाला त्यातून काय मिळालं हे वेगळं सांगायला नको. हमाल, विडी कामगार, देवदासी अशा माणसांचं जगणं त्यांनी घराघरात पोचवलं. त्या काळात घर चालत होतं ते डॉ. सुनंदा अवचट यांच्या येरवडा मनोरुग्णालयातल्या नोकरीवर. अवचटांनी हे कधी लपवलं नाही. मुलींना सांभाळणं, घरकाम याबद्दलही ते मोकळेपणाने लिहीत. पुढे २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि त्याचा कणा सुनंदाताईच होत्या. म्हणजे जिने पगार आणला तिच्याच नोकरीतल्या अनुभवातून ते केंद्र उभं राहिलं. अशा जोडप्यात धाडस कुणाचं म्हणायचं? माझ्या मते दोघांचं, आणि त्यातही रोज सकाळी ड्यूटीवर जाणाऱ्या माणसाचं जास्त. आपल्याकडे तेच सगळ्यात कमी मोजलं जातं. मनाजोगतं काम करायला निघालेल्या पुरुषामागे पगार आणणारी बायको असते तशी बाईमागे पगार आणणारा नवरा उभा राहतो का, हाही प्रश्न घरोघर विचारायला हवा.

भुकूमला उभं राहिलं की आणखी एक गोष्ट टोचते. इथल्या मूळच्या माणसांचंही काम बदललं, पण त्यांना कुणी मनाचा कौल विचारला नाही. याच तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले; तरीही धरण झालं, भातखाचरं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईकडे गेली. अलीकडे पाण्याऐवजी गुंठ्याचा भाव आला. भाताची आवणी करणाऱ्या घरातला मुलगा सातबाऱ्यावरचं नाव गेल्यावर टँकर, जेसीबी, सिक्युरिटी, नाहीतर पिरंगुटच्या कंपनीत कंत्राटी काम, यांतलं जमेल ते धरतो. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ने त्यातली रक्तरंजित बाजू पडद्यावर आणली, निमूट बाजू त्याहून खूप मोठी आहे. ज्याने ती जमीन घेतली त्याला शेतकरी व्हायचंय, आणि शेतकऱ्याच्या मुलाला त्याच जमिनीच्या फाटकावर पहारा करावा लागतोय. यात प्लॉटवाल्याची इच्छा खोटी ठरत नाही. पण ती एकट्याची राहिली तर अपुरी आहे.

म्हणून हा विषय मन घट्ट करण्याचा म्हणून मांडणं मला पुरेसं वाटत नाही. मागण्या साध्या आहेत. मोठ्या कंपन्यांनी जागा राखून वर्षभराची बिनपगारी रजा द्यावी. घरात नवरा-बायकोने पाळी ठरवावी: दोन वर्षं एकाने कमवायचं, दुसऱ्याने शोधायचं, मग अदलाबदल. महिन्याला खरोखर किती लागतं हा आकडा कागदावर लिहावा. ‘अजून थोडं साठू दे’ म्हणत राहणाऱ्याच्या साठवणीला अंत नसतो. आणि इथल्या मुलाला सुतारकाम, रोपवाटिका, वाद्य दुरुस्ती, यांतलं काहीही शिकायचं असेल तर शिकण्याच्या काळात पोटापुरतं विद्यावेतन मिळावं, कारण त्याला बिनपगारी रजा परवडणारच नाही.

शहरातून येणाऱ्यांना काम शोधायला लांबही जायला नको. रामनदी इथेच, खाटपेवाडीजवळ उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळते. वाटेत तिचं काय होतं ते सगळ्यांना दिसतं. नकाशे वाचणारे, हिशेब तपासणारे, अर्ज लिहिणारे, पाण्याची तपासणी करू शकणारे हात या संकुलांमध्ये ढिगाने आहेत. नदीवर काम करणाऱ्या गटांना आठवड्यातला एक दिवस द्यायला राजीनामा लागत नाही. आवणीत वाढलेल्या घरांना ओढे कुठे वळवले, झरे कुठे बुजवले हे ठाऊक आहे. त्यांना त्या माहितीचे पैसे देऊन सोबत घेतलं, तर शनिवारी भुकूमला येणारा माणूस आणि फाटकावर उभा असलेला मुलगा, दोघांच्याही कामाचं स्वरूप बदलू शकतं.