शेष ठेवू नये

आमच्या घरी पिंजऱ्यात उंदीर सापडला की तो मारायचा नाही, अशी आजीची सक्त ताकीद होती. पिंजरा पिशवीत घालायचा, ओढ्यापलीकडे न्यायचा, दार उघडायचं आणि मागे न बघता परत यायचं. उंदीर गणपतीचं वाहन, आणि शेवटी जीव तो जीव. ओढ्यापलीकडेही कुणाचं घर असेल, हे तेव्हा मनात आलं नाही. लांब नेऊन सोडलं की प्रश्न मिटला, अशी सगळ्यांचीच समजूत होती. पुढे बेटांवरच्या मोकाट प्राण्यांविषयी वाचू लागलो, तेव्हा तो ओढा सारखा आठवू लागला. बेटाला ओढ्यापलीकडचा काठ नसतो. तिथे जे आणून सोडलं, ते तिथेच राहतं आणि तिथलंच खातं.

आणून सोडणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा पाप नव्हतं. शिडाच्या जहाजांच्या काळात दर्यावर्दी वाटेवरच्या निर्जन बेटांवर शेळ्या आणि डुकरं सोडून देत. जहाज फुटलं, खलाशी किनाऱ्याला लागले, तर त्यांच्या पोटाला आधार असावा, हा हिशोब. कॅप्टन कुकने अठराव्या शतकात न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर डुकरं आणि शेळ्या सोडल्या त्या अशाच भावनेने. उंदीर मात्र या दर्यावर्दींनी मुद्दाम आणले नाहीत. ते धान्याच्या पोत्यांबरोबर आणि जहाजाच्या दोरखंडांवरून आपोआप उतरले. त्या काळच्या कल्पनेत बेट म्हणजे रिकामी जागा होती, आणि रिकाम्या जागेत जनावर सोडणं हे एक प्रकारचं दानच होतं.

ती जागा रिकामी नव्हती. दूरच्या बेटांवर लाखो वर्षं जमिनीवरचा सस्तन शिकारी पोचलाच नव्हता. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. तिथल्या पक्ष्यांना भय होतं ते आकाशातल्या शिकाऱ्यांचं. न उडणारा काकापो पोपट धोका दिसला की जागच्या जागी थिजतो. वरून बघणाऱ्या ससाण्याला चकवायला ही युक्ती चांगली, पण वासावर येणाऱ्या जनावरापुढे ती म्हणजे ताटात बसून राहणं. अनेक समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून एकेकच अंडं घालतात. उंदराला त्याहून सोपं भक्ष्य कुठलं?

हे प्रथम ज्यांच्या पुरतं लक्षात आलं, त्यांत रिचर्ड हेन्री हे नाव मी आदराने घेतो. न्यूझीलंडमध्ये सशांचा सुळसुळाट झाला म्हणून १८८० च्या दशकात स्टोट आणले गेले. मुंगसासारखा सडपातळ आणि चपळ असा हा शिकारी सशांपेक्षा पक्ष्यांवरच तुटून पडला. सरकारने १८९४ मध्ये हेन्रीला रिझोल्यूशन बेटाचा रखवालदार नेमलं. तो मुख्य भूमीवरच्या जंगलात जाई, तोंडाला मुसकी बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो आणि किवी शोधी, होडीत घालून बेटावर आणून सोडी. वर्षानुवर्षं, बहुधा पावसात, असे शेकडो पक्षी त्याने नेले. १९०० मध्ये त्याच बेटावर स्टोट दिसला. समुद्राची ती चिंचोळी पट्टी तो पोहून आला होता. हेन्रीचं इतक्या वर्षांचं काम त्या एका दर्शनाने बुडालं. पण त्याच्या काळात दुसरा विचारच शक्य नव्हता. शिकारी हटत नाही, म्हणून भक्ष्याला हलवायचं. ओढा पार करून पक्षी सुरक्षित ठेवायचे. आजीने उंदराचं जे केलं, तेच हेन्रीने पक्ष्यांचं केलं.

पुढची साठ-सत्तर वर्षं विचार जवळजवळ तिथेच थबकला. उंदीर खरंच इतकं नुकसान करतात का, यावरच जाणकारांत दुमत होतं. ते मिटलं १९६४ मध्ये, स्ट्युअर्ट बेटाजवळच्या बिग साउथ केप बेटावर. माओरी कुटुंबं दरवर्षी तिथे समुद्रपक्ष्यांची पिल्लं पकडायला जात. त्या वर्षी त्यांना झोपड्यांतून उंदरांच्या झुंडी दिसल्या. वन्यजीव खात्याची माणसं पोचली तेव्हा जंगल शांत होत चाललं होतं. त्यांनी सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी पकडून शेजारच्या बेटांवर हलवले आणि ती जात वाचली. पण तिथला पाणलावा, झुडपी रेन आणि एक मोठं वटवाघूळ यांना वाचवता आलं नाही. हा त्यांचा शेवटचा आसरा होता. काही वर्षांतच ते जगातून गेले. उंदीर काय करतात हा वाद त्यानंतर उरला नाही. उंदीर काढता येतात का, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचं एक उत्तर आधीच नकळत मिळून गेलं होतं. ऑकलंडजवळच्या मारिया या चिमुकल्या बेटावर उंदरांनी पेट्रेल पक्ष्यांची कत्तल चालवली होती, म्हणून १९६० च्या सुमारास पक्षिप्रेमींनी तिथे विष टाकलं. निदान संख्या कमी होईल, एवढीच आशा होती. नंतर पाहिलं तर बेटावर एकही उंदीर नव्हता! मोठ्या बेटांवर हे जमेल, असं मात्र पुढे बरीच वर्षं फार थोड्यांना वाटत होतं.

तशी खात्री पटवली न्यूझीलंडच्याच ब्रेकसी बेटावरच्या १९८८ च्या मोहिमेने. १७० हेक्टरांचं हे बेट उभ्या कड्यांचं आणि दाट जंगलाचं. कार्यकर्त्यांनी ते पायवाटांनी विंचरून काढलं आणि ठरावीक अंतरावर पिवळ्या प्लास्टिक पाइपच्या नळकांड्या ठेवून त्यांत आमिष भरलं. विष निवडलं ते सावकाश भिनणारं. खाल्ल्यावर लगेच त्रास झाला तर हुशार उंदीर ते पुन्हा तोंडात घेत नाही. दिवसांनी परिणाम झाला तर त्याला संबंध कळत नाही. काही आठवड्यांत बेट मोकळं झालं. तेरा वर्षांनी, २००१ मध्ये, हेलिकॉप्टरमधून १२० टन आमिष टाकून ११,३०० हेक्टरांचं कॅम्पबेल बेट मोकळं झालं.

या प्रवासात जो खरा बदल झाला तो साधनांत नाही, गणितात झाला. तोवर सगळीकडे ‘नियंत्रण’ हा शब्द होता. दरवर्षी काही मारायचे, संख्या आटोक्यात ठेवायची. आता लक्षात आलं की शंभरातले नव्याण्णव मारणं म्हणजे जवळजवळ काहीच न करणं. एक गाभण मादी उरली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तीन अटी ठरल्या. प्रत्येक जनावरापर्यंत पोचता आलं पाहिजे. ती वाढतात त्याहून वेगाने कमी झाली पाहिजेत. आणि बाहेरून नवी येता कामा नयेत. तिन्ही जमत नसतील तर हात घालू नये. आपल्याकडे जुन्यांचं सांगणं आहे, की ऋण, आग आणि वैर यांचा शेष ठेवू नये. उरलेलं पुन्हा वाढतं. बेटांनी तेच शिकवलं.

शेष ठेवण्याची किंमत गालापागोसच्या पिंटा बेटाइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. १९५९ मध्ये कोळ्यांनी तिथे एक बोकड आणि दोन शेळ्या सोडल्या. पुन्हा फेरी झाली तर ताजं मटण मिळेल, एवढीच अपेक्षा. पंधराएक वर्षांत त्यांच्या संख्येचा अंदाज तीस हजारांच्या वर गेला. १९७१ मध्ये याच बेटावर राक्षसी कासवाच्या एका जातीचा शेवटचा नर सापडला. ‘एकटा जॉर्ज’ म्हणून जगाला माहीत झालेला तो नर २४ जून २०१२ रोजी वारला आणि त्याची जात संपली. शेळ्यांची शिकार सत्तरच्या दशकातच सुरू झाली होती. पण पैसा आटला की शिकारी परतायचे आणि उरलेल्या शेळ्या पुन्हा वाढायच्या. असं सुमारे तीस वर्षं चाललं. बेट मोकळं होईपर्यंत एकूण ४१ हजारांहून अधिक शेळ्या मारल्या गेल्या. तीन शेळ्यांपासून ४१ हजार मृत्यू! थोड्या मारून थांबणं हे दयाळूपणाचं वाटतं, पण जनावरांच्या मरणाची बेरीज त्यानेच वाढते.

शेजारच्या इसाबेला बेटावर आल्सेडो ज्वालामुखी आहे. तिथे कोरड्या ऋतूत धुकं दाटतं. झाडांच्या पानांवर आणि शेवाळावर ते थांबतं, थेंब होऊन ठिबकतं, आणि खाली डबकी साठतात. अंगाला चिखल माखलेली राक्षसी कासवं त्या डबक्यांत तासन्‌तास बसून असतात. शेळ्या तिथवर पोचल्या आणि त्यांनी झाडांच्या साली व रोपं खाऊन जंगल उघडं केलं. पान नाही तर थेंब नाही, थेंब नाही तर डबकं नाही. कासवाच्या अंगाला शेळीने तोंडही लावलं नव्हतं, तरी त्याचं पाणी तिने खाल्लं होतं.

१९९७ ते २००६ या काळात इसाबेला प्रकल्पाने गालापागोसमध्ये सुमारे दीड लाख शेळ्या हटवल्या. बहुतेक शेळ्या हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारल्या गेल्या. शेवटच्या काही मात्र गुहांत आणि झाडोऱ्यात लपल्या. त्यांच्यासाठी हवाईत आधी वापरलेली युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. शेळी पकडायची, गळ्यात रेडिओ पट्टा बांधायचा आणि सोडून द्यायची. शेळी कळपाचं जनावर. ती एकटी राहूच शकत नाही. दऱ्या-डोंगर तुडवून ती आपली माणसं शोधून काढते. मग हेलिकॉप्टर येतं, बाकीच्या पडतात, तिला तेवढी जिवंत ठेवतात. ती पुन्हा शोधायला निघते. येशूला पकडून देणाऱ्या शिष्याच्या नावावरून तिला ‘जुडास शेळी’ म्हणतात. मला हे नाव अन्यायाचं वाटतं. घरभेद्याला घर फोडायचं असतं. हिला फक्त सोबत हवी होती. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जड जातं ते हेच पान. मोहिमेची गरज पटूनही ते हलकं होत नाही, आणि होऊ नये.

एकाला काढलं की बाकी आपोआप सावरेल, ही समजूत मोडली मॅक्वारी बेटावर. अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या या ऑस्ट्रेलियन बेटावर सीलच्या शिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मांजरं आणि ससे आणले. १९७८ मध्ये सशांत रोग सोडला. ससे घटले, तेव्हा मांजरं पक्ष्यांकडे वळली. मग मांजरं काढली. शेवटचं २००० मध्ये. त्यानंतर ससे बेसुमार वाढले. मांजरं गेली हे कारण किती आणि रोगाचा जोर ओसरला हे किती, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. पण डोंगर बोडके झाले यात वाद नव्हता. २००६ मध्ये दरड कोसळून पेंग्विनांच्या वसाहतीचा काही भाग गाडला गेला. शेवटी ससे, उंदीर आणि छोटे उंदीर यांना एकदमच हटवायचं ठरलं. विषाने काही समुद्रपक्षीही मेले, हे लपवलं गेलं नाही. शिकवलेले कुत्रे घेऊन माणसं बेट धुंडाळत राहिली, आणि २०१४ मध्ये ते मोकळं झाल्याचं जाहीर झालं. आता कोणाला काढायचं याबरोबर कोणत्या क्रमाने काढायचं हेही विचाराचा भाग झालं.

प्राणिहक्कांच्या बाजूने विचारला जाणारा प्रश्न मी कधीच टाळू शकलो नाही: कोणी जगावं हे ठरवणारे आपण कोण? कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटावर २००१ मध्ये मोहीम सुरू होण्याआधी हे प्रकरण कोर्टात गेलं. तिथे बाहेरून आलेला काळा उंदीर होता आणि तिथलाच असा एक हरिण-उंदीरही होता. मूळच्या शेकडो उंदरांना पकडून पिंजऱ्यांत सांभाळलं, विषाचा अंमल संपल्यावर परत सोडलं. दोघेही कुरतडणारे, दोघांनाही वेदना होतात. एकाला दाणापाणी, दुसऱ्याला विष. काळ्या उंदराचा अपराध एवढाच की त्याला आपण तिथे नेलं. मला या प्रश्नाचं एकच उत्तर सापडतं: आपण ठरवणारे आधीच झालो होतो, ज्या दिवशी शेळी होडीतून उतरवली त्या दिवशी. काहीच न करणं हाही निर्णयच आहे, आणि त्याची शिक्षा त्या पाणलाव्याने भोगली. १८१ बेटांवरच्या अशा मोहिमांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २३६ मूळ जातींना लाभ झाल्याचं दिसलं. ही संख्या ४१ हजार शेळ्यांचं मरण पुसत नाही. तरीही दोन्ही आकडे एकाच वहीत लिहायला हवेत.

ही वही आपल्या घरातही आहे. अंदमानात इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चितळ सोडले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही. इंटरव्ह्यू बेटावर लाकूडतोडीच्या कंपनीने १९६० च्या दशकात हत्ती मागे टाकले. चितळ आणि हत्ती यांनी तिथल्या जंगलाचं काय केलं याचा अभ्यास संशोधक रौफ अली यांनी २००४ मध्ये मांडला. चितळ आपल्या कायद्याने संरक्षित, हत्ती आपल्या देवळात पूजलेला. त्यांना ‘उपद्रवी’ म्हणणं आपल्याला जमणार नाही, आणि ते बरंच आहे. त्या शब्दाने दोष जनावराच्या माथी जातो आणि सोडणारा हात दिसेनासा होतो.

आपल्याकडचं मुंगूसही असंच परदेशी गेलं. गंगेच्या खोऱ्यातून १९१० मध्ये ते ओकिनावाला नेलं, आणि १९७९ मध्ये सुमारे तीस मुंगसं जपानच्याच अमामी ओशिमा बेटावर सोडली. तिथल्या विषारी हाबू सापाचा ती नायनाट करतील, ही आशा. साप रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा. त्यांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी खाल्ले ते तिथले काळसर, आखूड कानांचे दुर्मीळ ससे. सापळे, कॅमेरे आणि कुत्रे घेऊन दोन दशकांहून अधिक काळ माणसांनी मुंगसं काढली. शेवटचं २०१८ मध्ये सापडलं. पण बेट मोकळं झाल्याचं तेव्हा जाहीर केलं नाही. पुढची सहा वर्षं ती माणसं रिकामे सापळे तपासत राहिली, आणि २०२४ मध्ये जाहीर केलं.

त्या सहा वर्षांबद्दल मला सर्वांत जास्त आदर आहे. ‘शेष ठेवू नये’ हे वचन मी लहानपणी वैऱ्याबद्दल ऐकलं होतं. मुंगूस कुणाचं वैरी नव्हतं. त्याच वचनात वैराच्या आधी ऋण येतं, आणि रिकाम्या सापळ्यांपाशी रोज जाणारी माणसं ते ऋण फेडत होती. घेतलं दुसऱ्याच कुणी होतं. फेड मात्र त्यांनी शेवटच्या पैपर्यंत केली.