ऑप्शनला टाकलेला धडा

आता माझं ऐका. तुमची रडगाणी ऐकून कान किटले माझे. बाई, सोसायटीसमोरचं मैदान गेलं. बाई, आमच्या गल्लीतून ऐंशी फुटी रस्ता टाकलाय. बाई, पाऊस पडला की नाल्याचं पाणी पार्किंगमध्ये. सगळं खरं आहे. मला एवढंच सांगा, शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि महापालिकेने हरकती-सूचना मागवल्या, तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी लेखी अर्ज दिला? किती जणांनी निदान तो नकाशा तरी पाहिला?

माना खाली घालू नका. शाळेत घातल्या तेवढ्या पुरे.

नागरिकशास्त्र म्हणजे चार मार्कांचा विषय, असं म्हणून तुम्ही ते ऑप्शनला टाकलंत. त्याच पुस्तकात ७४वी घटनादुरुस्ती होती. १९९३ साली ती लागू झाली आणि घटनेत बारावी अनुसूची आली. नगरपालिकांनी करायची अठरा कामं तिच्यात लिहिली आहेत. पहिलं काम नगर नियोजन, दुसरं जमिनीचा वापर आणि बांधकामांचं नियमन. पाणी, रस्ते, कचरा हे सगळं त्यानंतर येतं. तुम्ही मात्र नगरसेवकाला विचारता काय, तर गल्लीत पेव्हर ब्लॉक कधी बसवणार. मग तोही तेवढंच करतो आणि निवडून येतो.

या नियोजनाचा कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६. कलमं पाठ नकोत, क्रम पाठ ठेवा. आधी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा होतो. मग प्रारूप आराखडा. तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर होतो आणि हरकतींसाठी मुदत मिळते. हरकती नियोजन समितीपुढे जातात. त्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत जाणकार असतात. तिथे तुमची सुनावणी होते. पुढे आराखडा राज्य सरकारकडे जातो आणि मंजूर झाला की त्याला कायद्याचं बळ येतं. निदान वीस वर्षांतून एकदा तो सुधारायचा असतो. म्हणजे मूल जन्मल्यापासून कॉलेजात जाईपर्यंतच्या काळात तुमचं मत विचारायची वेळ एकदाच येते. नेमके तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

"हरकत घेऊन होतं काय, बाई? सगळं वरून ठरलेलं असतं." हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा नको. आळसाला शहाणपणाचा सदरा घालू नका.

मुंबईचा २०३४पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५मध्ये बाहेर आला. काही भागांत आठपर्यंत एफएसआय, म्हणजे जमिनीच्या आठपट बांधकाम, आरे वसाहतीची जमीन विकासाला मोकळी, आणि नकाशांत चुकाच चुका. लोकांनी नकाशे भिंगाखाली घेतले, वस्त्यावस्त्यांत बैठका घेतल्या, हजारोंनी हरकती दाखल केल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायचा आदेश द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६मध्ये आला आणि २०१८मध्ये लागू झाला. तोही निर्दोष नाही, पण पहिला होता तसा मुंबईच्या माथी बसला नाही. कशामुळे? चहाच्या टपरीवर चडफडणाऱ्यांमुळे नाही. ज्यांनी नकाशावर बोट ठेवून लेखी सांगितलं, त्यांच्यामुळे.

पुण्याचं बघा. १९९७ साली हद्दीत आलेल्या तेवीस गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण ठेवावं म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली, आणि २०१५ साली सरकारने त्याला मान्यता दिली. त्या टेकड्यांवर आजही अतिक्रमणं होतात. पण निदान अतिक्रमणाला अतिक्रमण म्हणता येतं, कारण आराखड्यात तशी नोंद आहे.

आता त्याच पुण्याची दुसरी बाजू. जुन्या हद्दीचा आराखडा १९८७चा. पुढचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा. त्याचा मसुदा हरकतींसाठी आला २०१३मध्ये आणि त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. म्हणजे लोक जागे होते. झोपले कोण? नियोजन समितीत तट पडले, मुदत टळली आणि मार्च २०१५मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला. मंजुरी मिळाली २०१७ साली. वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षं कागदातच गेली. माझे जे विद्यार्थी आज नगरसेवक म्हणून मिरवतात, त्यांनी हे नीट ऐकावं. घटनेने दिलेला अधिकार वेळेत वापरायचा नाही, आणि सरकारने ओढून घेतला की लोकशाहीचा गळा घोटला म्हणून सभागृहात घोषणा द्यायच्या, हे ढोंग आहे.

सरकारनेही फुशारकी मारू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकाने कारभार केला. निवडून आलेलं सभागृहच नसेल, तर जमिनीच्या निर्णयावर प्रश्न विचारायचा कोणी?

"आराखडा एकदा मंजूर झाला की संपलं," असं समजणारे तर महामूर्ख. खरी करामत त्यानंतर सुरू होते. कायद्याचं कलम ३७ फेरबदलाचं आहे. त्याचीही नोटीस निघते, त्यावरही हरकत घेता येते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली ती नोटीस तुम्ही वाचत नाही, राशिभविष्य वाचता.

गिरणगावाचं काय झालं ते आठवा. जानेवारी १९८२मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि मुंबईच्या मधोमध सुमारे सहाशे एकर जमीन अडकून पडली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. ढोबळ हिशेब असा, की जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने त्या जमिनीचा एकत्रित विचार मांडला, तो कागदावरच राहिला. २००१मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या जमिनीची झाली. जिथे आधीच शेड आणि इमारती उभ्या होत्या, तिथे मोकळं असणार किती? उद्यानं आणि स्वस्त घरं यांच्या वाट्याला तुकडे आले. मोठा आवाज उठला तो २००५मध्ये, मामला कोर्टात गेल्यावर. उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१चीच दुरुस्ती उचलून धरली. एका दुरुस्तीने अख्ख्या गिरणगावाची मैदानं आणि घरं गेली. ओरड चार वर्षं उशिरा झाली. आता लोअर परळच्या पुलावर चेंगरताना कोणाला शिव्या देता?

आणि तुमचं ते मैदान. कलम १२७ नावाची एक चीज आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि आरक्षित जमीन महापालिकेने घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, की आरक्षण उठतं. यात मालकाचा दोष नाही. त्याची जमीन जन्मभर अडकवून ठेवायचा हक्क कोणालाच नाही. दोष त्या महापालिकेचा, जी अंदाजपत्रकात स्वागतकमानींना पैसे ठेवते आणि भूसंपादनाला ठेवत नाही. दोष तुमचाही. तुमच्या प्रभागातल्या किती आरक्षणांना दहा वर्षं होऊन गेली, हे एकदा तरी विचारलंत? शाळा, दवाखाना, मंडई, बेघरांची घरं, सगळी नकाशावर रंगवलेली असतात. तुम्हाला मात्र जाग येते ती पत्रे ठोकल्यावर.

आता जे स्वतःला निव्वळ बळी समजतात, त्यांच्याकडे वळते. गुंठ्याने जमीन घेतलीत तेव्हा झोन दाखला मागितलात का? शेतजमिनीचा तुकडा, ना मंजूर रेखांकन, ना रस्ता, आणि एजंट म्हणाला "होईल नियमित", की झालं तुमचं समाधान. त्याचंही काय चुकलं? २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून सरकारने जुनी बांधकामं नियमित केली आणि २०२१मध्ये तारीख पुढे ढकलून २०२०च्या अखेरपर्यंतची आत घेतली. नियम पाळणारा येडा ठरतो आणि मोडणारा सातबारा दाखवत हिंडतो, ही शिकवण खुद्द सरकारची. पण सरकार चुकीचं शिकवतं म्हणून तुम्ही डोळे मिटून घर घ्यायचं? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली. काम अजून चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहत होती. ७४ जीव गेले. त्या गरिबांना पर्याय नव्हता. तुम्हाला पर्याय आहे आणि तरी तुम्ही बांधकाम परवाना वाचत नाही, भोगवटा प्रमाणपत्र मागत नाही.

पूररेषेचंही तेच. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. पंचगंगेने कोल्हापूरकरांना २०१९मध्ये दाखवलं, २०२१मध्ये पुन्हा दाखवलं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने दाखवलं. तरी "नदीकाठचं निसर्गरम्य घर" अशी जाहिरात आली, की तुम्ही नोंदणीला रांगेत.

आणि नगररचना खात्यात बसलेले माझे हुशार विद्यार्थी, तुम्हीही सुटत नाही. नकाशा असा छापता की रस्त्याचं नाव वाचता येऊ नये. नोटीस अशा भाषेत लिहिता की वकिलालाही दोनदा वाचावी लागावी. सुनावणीला म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं देता आणि मोबाईल बघत "पुढचे" म्हणता. नकाशा लोकांचा आहे, तुमच्या कपाटाचा नाही.

आता गृहपाठ. सबब चालणार नाही. महापालिकेत जाऊन आपल्या भागाचा भाग नकाशा घ्या, तो फी भरून मिळतो. आपला सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर त्यावर शोधा. पिवळं काय, हिरवं काय, आराखड्यातला (डीपी) रस्ता कुठून जातो, आरक्षण कुठे आहे, ते सूचीवरून समजून घ्या. आरक्षणांची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याची दहा वर्षं कधी भरतात ते लिहा. फेरबदलाच्या नोटिसा वाचायला सोसायटीतल्या एकाला नेमा. हरकत घ्याल ती नंबर आणि कारण देऊन घ्या, आवकचा शिक्का मारून पोच घ्या, आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. शेजाऱ्याला पाठवू नका.

हे सगळं करूनही कधी हराल. तेव्हा या, मी तुमच्याबरोबर आयुक्तांच्या दारात उभी राहीन. पण हातात पोच नसेल, तर तक्रार घेऊन माझ्या घरी येऊ नका.