सुभेदाराचे ताट

शास्त्रवाचन : नहेम्या ५:१-१९; योहान १३:१-१७



यरुशलेमेचा तट नहेम्याने बावन्न दिवसांत बांधून पुरा केला, ही गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये ऐकलेली असते. एका हातात काम व दुसऱ्या हातात शस्त्र घेतलेले बांधणारे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु चौथा व सहावा अध्याय वाचताना मधला पाचवा अध्याय आपण पुष्कळदा ओलांडून जातो. त्यात तटाची एकही वीट नाही. आहे ती घरातली भांडणे, कर्ज आणि भूक. आज आपल्या मंडळ्या, शाळा, दवाखाने व वसतिगृहे ज्या दिवसांतून जात आहेत, त्या दिवसांसाठी हाच अध्याय विशेष महत्त्वाचा आहे असे आम्हांस वाटते.

प्रसंग असा होता. बाहेर सनबल्लट व तोबीया टपून बसले होते. आत दुष्काळ होता. धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती. राजाचा कर भरण्यासाठी त्यांनी कर्जे काढली होती. कित्येकांच्या मुली दास्यात गेल्या होत्या. आणि हे कर्ज देणारे परके नव्हते. ते त्यांचेच भाऊबंद होते. शत्रूने पाडलेला तट पुन्हा बांधता येतो. पण भावाने भावाला पिळले तर तटाच्या आत राखण्यासारखे काय उरते?

अशा वेळी नहेम्याने काय केले ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, त्याने लोकांचा आक्रोश ऐकून घेतला. तटाचे काम निकडीचे आहे, तक्रारी मागाहून पाहू, असे तो म्हणाला नाही. त्याला संताप आला, पण संतापाच्या भरात तो बोलला नाही. आधी त्याने मनाशी विचार केला. मग पाठीमागे कुजबुज न करता मोठी सभा भरवून सरदारांना व अधिकाऱ्यांना तोंडावर जाब विचारला.

दुसरी गोष्ट, दोष दाखवताना त्याने स्वतःला वगळले नाही. आपण व आपल्या माणसांनीही लोकांना पैसा व धान्य उसने दिले आहे, हे त्याने सभेत सांगितले आणि हे व्याज आता सर्वांनी मिळून सोडू या, असा आग्रह धरला. शेते, मळे, घरे व घेतलेला शंभरावा हिस्सा त्याच दिवशी परत करण्याचे ठरले, आणि याजकांना बोलावून शपथ घेण्यात आली. "तुम्ही सोडा" म्हणणाऱ्या पुढाऱ्यापुढे लोक मान डोलावतात व घरी जातात; "आपण सोडू या" म्हणणाऱ्याबरोबर ते चालू लागतात.

तिसरी गोष्ट ताटाची. अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे बारा वर्षे, नहेम्याने सुभेदाराच्या हक्काचे अन्न घेतले नाही. त्याच्या आधीचे सुभेदार लोकांपासून अन्न, द्राक्षारस व चाळीस शेकेल रुपे घेत. त्यांचे चाकरसुद्धा लोकांवर धनीपणा करीत. नहेम्याच्या पंक्तीला दीडशे माणसे असत आणि रोज एक बैल, सहा निवडक मेंढरे व कोंबड्या शिजत. खर्च मोठा होता, हक्कही कायदेशीर होता. तरी त्याने तो सोडला, कारण लोकांवरचे ओझे आधीच जड होते आणि त्याला देवाचे भय होते. त्याने शेतजमीनही विकत घेतली नाही. पडत्या भावाने जमिनी मिळण्याचे ते दिवस होते, हे लक्षात घेतले म्हणजे या एका वाक्याचे वजन कळते.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची स्थिती काही भक्कम नव्हती. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षांसाठी दिलेल्या मदतीच्या वचनाची मुदत सरत आली होती. अशा वेळी खर्च आवरावा, हा व्यवहार. परंतु ज्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते त्या रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवांना आसरा मिळाला. केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली. तेथूनच मुक्ती मिशनचे काम उभे राहिले.

आता आपल्याकडे वळू. २०२० साली चर्चची दारे बंद झाली, तेव्हा दानार्पणाची पेटीही बंद झाली. लहान गावांतल्या कित्येक पाळकांच्या घरी चूल कशी पेटली, हे त्यांनाच ठाऊक. टंचाई आली की संस्थेत प्रथम कोणाचा पगार थांबतो? झाडूवाल्याचा, बायबल वुमनचा, की सचिवाच्या प्रवासखर्चाचा? या एका प्रश्नावरून त्या संस्थेत सुभेदार बसला आहे की सेवक, हे ओळखता येते. हिशेब सर्वांपुढे वाचला जातो काय? मिळकतीच्या वादात कोर्टात जाणारा पैसा कोणाच्या घासातून जातो? पंचकमिटीची निवडणूक हरल्यावरही सतरंजी घालायला येणारा माणूस आपल्यात आहे काय?

येथे कोणी म्हणेल, पुढारी असा वाकला तर त्याचा मान कोण राखील? त्याचे उत्तर माडीवरच्या खोलीत आहे. वधस्तंभ काही तासांवर आला असताना आपल्या प्रभूने वस्त्रे काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला व गंगाळात पाणी ओतले. शिष्यांबरोबर यहूदाचेही पाय त्याने धुतले, आणि यहूदा काय करणार हे त्याला ठाऊक होते. प्रभूचा मान त्यामुळे कमी झाला नाही. आपण कोठून आलो व कोठे जाणार हे त्याला माहीत होते, म्हणूनच त्याला वाकता आले. ज्याला आपल्या खुर्चीखेरीज दुसरी ओळख नाही, त्याला मात्र वाकण्याची भीती वाटते.

तेव्हा बंधुजनहो, या महिन्यात आपण प्रत्येकाने एक हक्क शोधावा, जो आपला खरोखर आहे, पण ज्याचे ओझे दुसऱ्या कोणावर पडत आहे. तो देवापुढे ठेवावा व सोडावा. त्याचा गवगवा करू नये. नहेम्याने आपल्या बारा वर्षांचा मोबदला लोकांपाशी मागितला नाही. देवाने आपली आठवण ठेवावी, एवढेच तो मागतो. आपल्यालाही तेवढे पुरे व्हावे.

प्रभू आपल्या सर्व मंडळ्यांना असे सेवक देवो. आमेन.