मुक्ताईची मनधरणी

धनुष्य ताणल्यावर मागचं कोपर खाली उतरलंय, हे तिरंदाजाला स्वतःला दिसत नाही. मागे उभ्या मित्राला दिसतं. पण तिरंदाज ऐकायलाच तयार नसेल तर? मुक्ताईनगरकरांना याचं उत्तर घरचंच आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने, मुक्ताईने, त्यांना त्यांच्याच संतपणाची आठवण करून दिली. केवढी समज ही! २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झालेली साताऱ्याची, त्या वेळी सतरा वर्षांची असलेली आदिती स्वामीही प्रशिक्षकाच्या नजरेखालीच घडली. तेव्हा मित्राचा बाण चुकला, तर चारचौघांत बोलू नका. बाजूला घ्या, त्याचं काय चांगलं आहे ते आधी सांगा, मग फक्त कोपराचं सांगा.