एका आलेखाचे दोन अर्थ

चैत्रात पहाटे पाचच्या सुमारास संभाजीनगरातून दक्षिणेला, सातारा डोंगराच्या वर पाहिलं की विंचवाच्या नांगीतलं मूळ नक्षत्र दिसतं आणि त्याच्या डावीकडे पूर्वाषाढा. या दोहोंच्या मधे आकाशगंगेचं केंद्र आहे. तिथे ताऱ्यांची इतकी दाटी, की क्वचित एखादा तारा दुसऱ्याच्या नेमका पुढून सरकतो. तसं झालं की पुढच्याचं गुरुत्वाकर्षण भिंग बनतं आणि मागचा तारा काही आठवडे उजळतो. पुढच्याला ग्रह असेल, तर प्रकाशाच्या आलेखावर काही तासांचा, फार तर काही दिवसांचा आणखी एक उंचवटा येतो. पृथ्वीच्या साडेपाचपट वस्तुमानाचा एक ग्रह २००५ साली असाच हाती लागला.

पण उंचवटा आला म्हणजे ग्रहच, असं नाही. मागच्या ताऱ्याला मंद जोडीदार असला तरी तो येऊ शकतो. मग रंग तपासायचा. गुरुत्वीय भिंग सगळे रंग सारखेच वाकवतं. उंचवट्यात रंग बदलला, तर संशय जोडीदारावर. ग्रह पक्का ठरला तरी तो ताऱ्यापासून जवळ की लांब, याची दोन उत्तरं कित्येकदा एकाच आलेखात चपखल बसतात. शोधनिबंधात मग दोन्ही छापतात, तक्त्यात शेजारी-शेजारी रकाने आखून. मला ते रकाने फार आवडतात.

एकाच निरीक्षणाला दोन उत्तरं, असाच पेच खगोलशास्त्रज्ञ शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांच्यापुढे होता. काही क्वासारांचे, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे, भाग प्रकाशापेक्षा वेगाने एकमेकांपासून दूर जाताना दिसत. वाटेतल्या दीर्घिकेच्या भिंगामुळे तसं भासत असावं, असं या दोघांनी १९७९ मध्ये मांडलं. दुसरं उत्तर होतं, जवळजवळ आपल्याच रोखाने येणाऱ्या अतिवेगवान झोतांचं. पुढे झोतांचंच पारडं जड झालं. आपल्याकडे नारळीकरांचा स्थिर-स्थिती विश्वाचा वाद तेवढा गाजला, हा बाजूलाच राहिला.

ग्रहांच्या बाबतीत मात्र कधीकधी नुसतं थांबलं तरी निकाल लागतो. २००५ मधल्याच आणखी एका घटनेत भिंगाचा तारा आणि मागचा तारा एकमेकांत मिसळून दिसत होते. दोघे हळूहळू बाजूला सरकले. २०११ मध्ये हबलने आणि २०१३ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीने त्यांच्यातलं अंतर मोजलं, आणि ते ग्रह धरून मांडलेल्या गणिताशी जुळलं. ग्रह खराच होता, वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे १४ पट.