पुरावरून पाऊस
डीबगरची चाचणी घेताना मी एकेक सूचना चालवतो आणि प्रत्येक थांब्यावर चालू फंक्शनला विचारतो: तुला कुणी बोलावलं? इंटेलच्या ६४ बिटी प्रोसेसरवर फंक्शन सुरू होताना सहसा आरबीपी या रजिस्टरातलं जुनं मूल्य स्टॅकवर ठेवतात, मग आरबीपीत आरएसपी, म्हणजे स्टॅकच्या टोकाचा पत्ता, भरतात. त्याआधी थांबलं, तर आरबीपी अजून बोलावणाऱ्याचाच असतो. फक्त आरबीपीवर विसंबणारा डीबगर बोलावणाऱ्यालाच गाळतो आणि त्याच्या मागच्याचं नाव सांगतो, तेही ठामपणे.

थांब्यावरून बोलावणारा शोधणं म्हणजे कार्यावरून कारण शोधणं. पण कार्यावरून कारण कळतं का? न्यायसूत्रांच्या भाष्यात वात्स्यायन नदीचा पूर पाहून वर पाऊस झाल्याचं अनुमान करतात. आक्षेप सूत्रांतच आहे: पाणी खाली अडलं तरी नदी फुगते. कोल्हापुरात हा आक्षेप पुस्तकी नाही. २०१९च्या महापुरानंतर कारण पाऊस की अलमट्टी धरणाचा फुगवटा, हा वाद इथे घरोघरी झाला. भाष्यातलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: नुसती पातळी पाहू नका, वेग, फेस, वाहत आलेली पानं, लाकडं पाहा. डीबगरसाठी प्रोग्रॅमसोबत ठेवलेल्या ड्वार्फ स्वरूपातल्या नोंदीही अशाच खुणा: त्या प्रत्येक सूचनेपाशी परतीचा पत्ता कुठे आहे ते सांगतात.

पुरात घर गेलेल्याचं पूर्वजन्मीचं पाप सांगणाऱ्यांकडे मी अशाच खुणा मागतो. अजून एकानेही दाखवलेल्या नाहीत.